करार आधी की प्रायश्चित्त आधी? (बायबल अभ्यास)

वाचनवर्ग (धागाकर्ता)

करार, प्रायश्चित्त आणि देवाचा विश्वासूपणा या विषयावर चार बैठकींचा अभ्यासवर्ग आखायचा आहे. येणारे लोक बायबल वाचणारे आहेत, पण लेवीय आलं की पानं भराभर उलटतात. नेहमीची मांडणी अशी असते: देवाने करार केला, माणसाने मोडला, देव रागावला, रक्त सांडलं, राग गेला. ऐकायला सोपी आहे. पण लेवीय १६ उघडून ओळीवर बोट ठेवून वाचायला लागलं की ती जागोजागी अडते.

तीन प्रश्न हमखास येतात. करार एका बाजूने मोडला तर तो संपत कसा नाही? प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या दोन बकऱ्यांपैकी ख्रिस्त कोणता? आणि देव विश्वासू आहे तर सरळ क्षमा का करत नाही, रक्त कशाला?

उत्तरं वचनांसकट द्या. 'विश्वासाने स्वीकारा' हे वर्गात चालत नाही, इथेही नको.


बेरीथ

पहिल्या प्रश्नापासून सुरुवात करतो. 'करार' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर भाडेकरार येतो: दोन सह्या, मुदत, अटी, मोडला की रद्द. हिब्रू शब्द 'बेरीथ'. आणि करार 'करणे' यासाठी हिब्रूत बहुतेक वेळा क्रियापद येतं 'कारात', म्हणजे कापणे. करार कापला जातो.

का कापला जातो ते उत्पत्ती १५ मध्ये दिसतं. अब्रामाला (पुढचा अब्राहाम) पाच प्राणी-पक्षी आणायला सांगितलंय: तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला, एक पारव्याचं पिल्लू. तिन्ही जनावरं मधोमध चिरून अर्धं समोर अर्धं अशी मांडायची. पक्षी चिरायचे नाहीत (१५:१०, ही ओळ वर्गात नेहमी सुटते). मग त्या दोन रांगांमधून चालायचं. याचा अर्थ काय, ते यिर्मया ३४:१८ सांगतो. सिद्कीया राजाच्या काळात लोकांनी वासरू चिरून त्यामधून चालत जाऊन दासांना मोकळं करण्याचा करार केला आणि नंतर तेच दास परत पकडून आणले. देव म्हणतो, मी तुमची गत त्या वासरासारखी करीन. थोडक्यात, मधून चालणारा म्हणतो, 'शब्द मोडला तर माझे असेच तुकडे होवोत.'

आता उत्पत्ती १५:१२ आणि १७ जोडून वाचा. अब्राम गाढ झोपेत आहे. तुकड्यांमधून जातात ती फक्त धुराची भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या हजेरीची खूण. माणूस चालतच नाही.

एक सावधगिरी: उत्पत्ती १५ हा अर्थ स्वतः सांगत नाही, तो यिर्मया ३४ वरून लावलेला आहे. चांगला लागतो, पण वर्गात 'असं लिहिलं आहे' म्हणू नका. 'असं दिसतं' म्हणा.


शंकेखोर

ख्रिस्ती नाही, वाचक म्हणून विचारतो. मग सीनायचं काय? तिथे तर 'जर तुम्ही माझं ऐकाल तर' अशी सरळ अट आहे. अब्राहामाचा करार बिनशर्त आणि मोशेचा सशर्त, म्हणजे देवाने मध्येच नियम बदलले असं दिसतं.


दगडी पाटी

प्रश्न रास्त आहे. निर्गम १९:५ मध्ये ती 'जर' आहेच.

प्राचीन पश्चिम आशियात सम्राट आणि मांडलिक राजा यांच्यात होणाऱ्या तहांचा एक ठरावीक साचा होता. हित्ती तहांत तो स्पष्ट दिसतो: सम्राटाची ओळख, त्याने आजवर केलेल्या उपकारांची हकिकत, मग अटी, तहाची प्रत मंदिरात ठेवणे, ठरावीक काळाने जाहीर वाचन, साक्षीदार देवता, शेवटी आशीर्वाद व शाप. निर्गम २० वाचा. 'मी तुझा देव परमेश्वर' ही ओळख, 'मिसर देशातून तुला बाहेर आणले' हे उपकार, आणि मग आज्ञा. अनुवाद २८ मधील शापांची तुलना अश्शूरच्या एसर-हद्दोन राजाच्या इ. स. पू. ६७२ च्या शपथ-तहांशी केली जाते. काही शापांचे साम्य लक्षणीय आहे.

याउलट राजा एखाद्या निष्ठावंताला जमीन वा गादी वंशपरंपरेने देई, त्या दानपत्रात बंधन देणाऱ्यावर असे. मोशे वाइनफेल्ड यांनी १९७० मध्ये अब्राहाम व दावीद यांचे करार या दानपत्रांच्या जवळचे आहेत, असे मांडले. ही विभागणी उपयोगी आहे, पण ती काटेकोर मानू नये. उत्पत्ती १७ मध्ये अब्राहामावर सुंतेची आज्ञा आहे (मुलाची आठव्या दिवशी) आणि ती न पाळणाऱ्याचा उच्छेद आहे. स्तोत्र ८९ मध्ये दावीदाचा करार अढळ आहे, तर स्तोत्र १३२:१२ मध्ये 'जर तुझे पुत्र माझा करार पाळतील' असे आहे. म्हणून 'बिनशर्त की सशर्त' यापेक्षा 'करार उभा कोणाच्या शब्दावर आहे, आणि त्यात टिकून राहण्यासाठी काय लागते' असे दोन प्रश्न वेगळे करावेत.

नियम बदलले का? पौलाने हाच प्रश्न गलतीकर ३:१७ मध्ये घेतला आहे. ४३० वर्षांनी आलेले नियमशास्त्र आधीचा करार रद्द करू शकत नाही, असे त्याचे उत्तर आहे.


बेरीथ

+१. आणि मोडल्यावर काय होतं, याचा नमुना ताबडतोब मिळतो. निर्गम २४ मध्ये करार बांधला. मोशे वेदी बांधतो, १२ खांब उभारतो, अर्धं रक्त वेदीवर टाकतो, कराराचं पुस्तक वाचतो, लोक 'हो' म्हणतात, उरलेलं अर्धं लोकांवर शिंपडतो. मग मोशे डोंगरावर ४० दिवस. तो खाली येईपर्यंत सोन्याचं वासरू तयार. पाट्या फुटतात. तहाच्या हिशोबाने इथे सगळं संपायला हवं.

संपत नाही. निर्गम ३४:६-७ मध्ये देव स्वतःचं नाव उच्चारतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, 'हेसेद' आणि 'एमेथ' यांनी भरपूर. हेसेद म्हणजे नात्याला जागणारी दया, एमेथ म्हणजे खरेपणा, भरवसा ठेवता येईल असा पक्केपणा. देवाचा विश्वासूपणा हा शब्द जुन्या करारात इथून वाढतो, आणि तो उच्चारला जातो तो करार मोडल्यानंतरच्या आठवड्यांत.

पण तिथेच, त्याच वाक्यात, 'दोषी माणसाला निर्दोष सोडत नाही' हेही आहे. अर्धं वाक्य भिंतीवर लावायचं आणि अर्धं गाळायचं, हे करू नका. प्रायश्चित्ताची अख्खी व्यवस्था या दोन अर्ध्यांच्या मधे उभी आहे.


धुपाटणे

लेवीय १६ वर मी लिहिते. आधी नुसते टप्पे, अर्थ नंतर. बहुतेक गोंधळ टप्पे न बघता अर्थ लावल्याने होतात.

दिवस: सातव्या महिन्याची दहावी तारीख. काम बंद, जिवाला कष्ट (उपास).

साहित्य: अहरोनाच्या स्वतःसाठी एक गोऱ्हा पापार्पणाला, एक एडका होमार्पणाला (पूर्ण जाळायचं अर्पण). लोकांच्या वतीने दोन बकरे पापार्पणाला, एक एडका होमार्पणाला. १६:५ नीट वाचा: दोन बकरे मिळून एक पापार्पण.

कपडे: सोनं-रत्नांचा भरजरी पोशाख नाही. अंगरखा, चोळणा, कमरबंद आणि मंदील, चारही साध्या तागाचे. आधी स्नान.

मग चिठ्ठ्या. एक बकरा परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी (रानात सोडायच्या बकऱ्याशी जोडलेलं नाव, नेमका अर्थ वादाचा).

गोऱ्हा कापायचा. पण रक्त आत नेण्याआधी धूप. वेदीवरचे निखारे धुपाटण्यात, दोन ओंजळी बारीक कुटलेला सुगंधी धूप, अंतरपटाच्या (परमपवित्रस्थानापुढच्या पडद्याच्या) आत. धुराने दयासन (कराराच्या कोशावरचं झाकण) झाकलं गेलं पाहिजे, नाहीतर अहरोन मरेल (१६:१३). हा क्रम चुकवून लोक रक्तावर उडी मारतात. अध्यायाची सुरुवातच अहरोनाच्या दोन मुलांच्या मृत्यूच्या आठवणीने होते हे विसरू नये.

मग गोऱ्ह्याचं रक्त बोटाने दयासनावर पूर्वेच्या बाजूला, आणि दयासनासमोर सात वेळा. मग लोकांचा बकरा कापून त्याचंही रक्त तसंच. त्यानंतर दर्शनमंडप. मग बाहेरची वेदी: दोघांचं रक्त चारही शिंगांना, आणि सात वेळा शिंपडणं. आतून बाहेर येत जायचं.

हे सगळं झाल्यावर जिवंत बकरा. अहरोन दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवून पापांचा उच्चार करतो. नेमलेला माणूस त्याला ओसाड रानात नेऊन सोडतो.

मग अहरोन तागाचे कपडे तिथेच उतरवतो, पुन्हा स्नान, नेहमीचे कपडे, दोन्ही एडक्यांचं होमार्पण. गोऱ्हा आणि मारलेला बकरा यांची कातडी, मांस, शेण सगळं छावणीबाहेर नेऊन जाळायचं. बकरा सोडणारा आणि जाळणारा, दोघांनीही कपडे धुऊन स्नान करूनच छावणीत यायचं.

आता चुका.

पहिली: 'पापं प्राण्यावर टाकली आणि तो प्राणी मारला.' लेवीय १६ मध्ये असं होत नाही. ज्याच्यावर पापं ठेवली तो बकरा जिवंत सोडला जातो. जो मारला जातो त्याच्यावर पापं ठेवल्याचा उल्लेख नाही, आणि तसं असतं तर ते रक्त परमपवित्रस्थानात नेताच आलं नसतं. (जिवंत बकऱ्याला कड्यावरून ढकलण्याची रीत मिश्ना या यहुदी नियमसंग्रहात नोंदलेली आहे. लेवीयात ती नाही.)

दुसरी: रक्त कोणावर लागतं? माणसावर नाही. दयासन, मंडप, वेदी यांवर. १६:१६ कारण देतं: लोकांच्या अशुद्धतेमुळे पवित्रस्थानासाठी प्रायश्चित्त. जेकब मिलग्रोम या अभ्यासकाचं म्हणणं असं की पाप दूरवरून पवित्रस्थानाला डागाळतं, आणि रक्त तो डाग धुणारं द्रव्य आहे. लेवीय ४ मध्ये पायऱ्या दिसतात: सामान्य माणसाच्या पापाचं रक्त बाहेरच्या वेदीच्या शिंगांना, प्रमुख याजकाच्या किंवा सगळ्या मंडळीच्या पापाचं आतल्या धूपवेदीच्या शिंगांना आणि अंतरपटासमोर सात वेळा. वर्षभरात मुद्दाम केलेली बंडं आणखी आत पोचतात, म्हणून वर्षातून एक दिवस थेट आत.

का धुवायचं? कारण देव तिथे त्यांच्यामध्ये राहतो आणि डाग साचला तर निघून जाईल. यहेज्केल ८ ते ११ मध्ये नेमकं तेच होतं, देवाचं तेज मंदिर सोडून जातं. म्हणजे प्रायश्चित्त हा देवाला परत बोलावण्याचा खटाटोप नव्हे. करारामुळे तो आधीच येऊन राहिलाय. त्याला राहता यावं म्हणून ही घरातली झाडलोट आहे. धाग्याच्या शीर्षकाचं उत्तर माझ्या मते हेच: करार आधी.

तिसरी चूक, आणि सगळ्यात महागात पडणारी: रक्त देवाला दिलेली लाच. लेवीय १७:११ मध्ये देव म्हणतो, प्रायश्चित्तासाठी ते रक्त मी तुम्हाला दिलंय. देणारा तो आहे.


वाचनवर्ग

वाचनखूण साठवली. 'कोणता बकरा ख्रिस्त' याचं उत्तर मग 'दोन्ही' असं का?


धुपाटणे

हो, कारण दोन्ही मिळून एकच अर्पण आहे. मारलेल्या बकऱ्याचं रक्त आत नेणं इब्री ९ मध्ये येतं. छावणीबाहेर जाळणं इब्री १३:११-१२ मध्ये, येशूने वेशीबाहेर दुःख सोसलं तिथे. पापं वाहून नेणं योहान १:२९ मध्ये आहे. फक्त तिथे 'कोकरा' म्हटलंय, बकरा नाही, म्हणून योहानाची ओळ सरळ लेवीय १६ ला चिकटवू नका.

तसंच वल्हांडणाचं कोकरू. निर्गम १२ मध्ये ते पापार्पण नाही. दहाव्या दिवशी निवडायचं, चौदाव्याच्या संध्याकाळी कापायचं, रक्त दाराच्या बाह्यांना आणि कपाळपट्टीला, हाड मोडायचं नाही. तिथे विषय सुटकेचा आहे, पापक्षमेचा उल्लेखही नाही. नवा करार हे सगळे झरे एकत्र आणतो. आणतो हे खरं, पण ते वेगळे होते हे माहीत असेल तरच एकत्र येण्यातली गंमत कळते.


कोनशिला

धुपाटणेताई, टप्पे उत्तम. पण निष्कर्ष फार पुढे नेताय. तुमचं वाचून कोणाला वाटेल की शिक्षा हा विषयच नाही, नुसती साफसफाई आहे. यशया ५३ चं काय? 'आमच्या अपराधांमुळे घायाळ', 'आम्हाला शांती देणारी शिक्षा त्याच्यावर'. ५३:१० मध्ये 'आशाम', म्हणजे दोषार्पण, हा शब्द आहे. गलतीकर ३:१३ मध्ये ख्रिस्त आमच्यासाठी शाप झाला. एकाच्या जागी दुसऱ्याने शिक्षा सोसली हे बायबलमध्ये आहे, सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट सुधारकांनी शून्यातून काढलेलं नाही.


धुपाटणे

आहे, मान्य. पण ते लेवीय १६ मधून काढू नका. गलतीकर ३:१० आणि १३ अनुवादातले शाप उद्धृत करतात. तो कराराचा शाप आहे, अर्पणाची भाषा नाही. बेरीथ यांनी सांगितलेले चिरलेले तुकडे आठवा. मोडणाऱ्याच्या वाट्याचा शाप, जो एकटा मधून चालला त्याच्यावर आला, अशी ती रेषा जाते. ही मांडणी तुमच्या बाजूला जास्त बळ देते, बकऱ्यावर शिक्षा लादण्यापेक्षा.

एक बारकावा: अनुवाद २१:२३ मध्ये 'टांगलेला देवाने शापित' असं आहे. पौल उद्धृत करताना 'देवाने' हा शब्द गाळतो. त्यावरून फार मोठी इमारत बांधू नये, पण 'पित्याने पुत्रावर राग काढला' असं बेधडक बोलणाऱ्यांनी इथे थांबायला हरकत नाही.


कोनशिला

हे पटलं. शापाची रेषा आणि अर्पणाची रेषा वेगळ्या धरून शिकवायला हव्यात. रागाबद्दल मात्र रोमकर १:१८ आणि ५:९ आहेत, ते पुसता येणार नाहीत. फक्त ५:८ आधी येतं: आम्ही पापी असतानाच देवाने प्रीती दाखवली. प्रीती मरणाचा परिणाम नाही, कारण आहे. हे त्या सुधारकांपैकी कॅल्विननेही म्हटलंय, त्याच्या नावाने भांडणारे बरेचदा विसरतात.


दगडी पाटी

सिद्धांतांचा इतिहास थोडक्यात, कारण यात नावांची सरमिसळ फार होते. पहिल्या हजार वर्षांत खंडणी भरून सुटका आणि मृत्यूवर विजय या प्रतिमा ठळक होत्या. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत आजही विजय व आरोग्यदान हाच सूर मुख्य आहे. अॅन्सेल्मने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात 'भरपाई'चा सिद्धांत मांडला: पापाने देवाच्या मानाला धक्का लावला, ती भरपाई देव-मानवच देऊ शकतो. येथे एक चूक सर्रास होते. अॅन्सेल्मच्या मते 'भरपाई किंवा शिक्षा' असा पर्याय आहे. ख्रिस्ताने भरपाई केली म्हणून शिक्षा टळली. ख्रिस्ताने शिक्षा भोगली हे सुधारकांचे म्हणणे. दोघांना एकाच ओळीत बसवू नये. आबेलारने भर दिला तो प्रीतीच्या दर्शनाने माणसाचे मन वळण्यावर. प्राचीन विश्वासांगीकारांनी यातील एकाही सिद्धांतावर शिक्का मारलेला नाही. निकीयाच्या मतांगीकारात 'आमच्यासाठी' एवढेच आहे.


तिसरी ओळ

'प्रायश्चित्त' या मराठी शब्दावर कोणीतरी बोलायला हवं. मराठीत प्रायश्चित्त कोण घेतो? ज्याने चूक केली तो. हिंदू धर्मशास्त्रात उपास, दान, व्रत, जे काय ते दोषी माणूस करतो. त्यामुळे 'ख्रिस्त आमचं प्रायश्चित्त' हे वाक्य नवख्या कानाला व्याकरणातच चुकल्यासारखं वाटतं. प्रायश्चित्त 'घेणं' आणि प्रायश्चित्त 'करून देणं' यांत कर्ता बदलतो. वर्गात पहिल्या दहा मिनिटांत हे फळ्यावर लिहा, पुढचा तास वाचेल.

हिब्रू 'किप्पेर'. त्याचे अर्थ पुसणे, झाकणे आणि 'कोफेर' म्हणजे खंडणी, या तिन्ही दिशांना ओढले जातात. त्याच धातूतून 'कप्पोरेथ', म्हणजे आपलं 'दयासन': शुद्ध सोन्याचं, अडीच हात लांब, दीड हात रुंद, दोन टोकांना दोन करूब (निर्गम २५:१७-१८). सप्तती या जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात त्याला 'हिलास्तेरिओन'. आणि रोमकर ३:२५ मध्ये पौल ख्रिस्ताला नेमका तोच शब्द लावतो. इब्री ९:५ मध्ये तोच शब्द सरळ दयासनासाठी आहे.

म्हणून रोमकर ३:२५ मध्ये 'प्रायश्चित्त' वाचताना त्यामागे एक जागा दिसली पाहिजे. वर्षातून एकदा, धुराआड, एकट्या माणसाने जायची जागा देवाने चव्हाट्यावर मांडली. 'पुढे ठेवलं' या क्रियापदात ते उघडपण आहे. 'हिलास्तेरिओन'चा अर्थ 'कोप शमवणं' की 'पाप पुसणं' यावर सी. एच. डॉड आणि लिऑन मॉरिस यांनी विसाव्या शतकात बराच खल केला. दोघांपैकी कोणाचंही घेतलंत तरी ठेवणारा देवच आहे, माणूस नाही.


शंकेखोर

बरं. तिसरा प्रश्न कोणी घेतला नाही. नुसती क्षमा का नाही?


तिसरी ओळ

नुसती क्षमा बायबलमध्ये आहे. स्तोत्र ५१ मध्ये दावीद म्हणतो, अर्पण तुला नको, भग्न हृदय हवं. नाथान संदेष्टा त्याला क्षमा सांगतो तेव्हा बळी दिल्याचा उल्लेख नाही (२ शमुवेल १२:१३). आणि लेवीय ५:११: ज्याला दोन होले किंवा पारव्याची पिल्लंही परवडत नाहीत त्याने एफाचा दहावा भाग, साधारण दोन लिटर सपीठ आणावं, तेल नाही, ऊद नाही. तेही पापार्पण! रक्ताचा थेंब नाही. म्हणूनच इब्री ९:२२ मध्ये 'नियमशास्त्राप्रमाणे रक्ताने जवळजवळ सगळं शुद्ध होतं' असं आहे. त्या 'जवळजवळ'कडे लक्ष द्या, लेखकाला सपीठ माहीत असावं.

दुसरी बाजू: क्षमा फुकट दिली तरी नुकसान कोणीतरी सोसतोच. लेवीय ६:१-७ मध्ये चोरी, फसवणूक, खोटी शपथ. आधी वस्तू परत, वर पाचवा हिस्सा, आणि ते मालकाला. १०० चं नुकसान असेल तर १२०. मग एडका घेऊन याजकाकडे. हा क्रम उलटा करता येत नाही. मत्तय ५:२३-२४ मध्ये येशू तोच क्रम सांगतो, अर्पण वेदीपाशी ठेव, आधी भावाकडे जा. मिश्नातलं योमा ८:९ ही तेच म्हणतं: माणसा-माणसांतली पापं प्रायश्चित्ताचा दिवस मिटवत नाही, आधी त्या माणसाची समजूत घाल.

'रक्ताने सगळं मिटलं' म्हणून देणं बुडवणारा माणूस लेवीयातही बसत नाही आणि डोंगरावरच्या प्रवचनातही.


शंकेखोर

हे आवडलं. पण मग १ योहान १:९? देव पापांची क्षमा करण्यास 'विश्वासू व न्यायी' आहे. दयाळू म्हणायला हवं होतं ना? न्यायी माणूस क्षमा करतो का?


बेरीथ

तिथेच तर करार आहे. दया ही मर्जी असू शकते, आज आहे उद्या नाही. विश्वासू म्हणजे दिल्या शब्दाला बांधलेला. यिर्मया ३१:३४ मध्ये शब्द दिलाय: त्यांची पापं मी यापुढे आठवणार नाही. तो पाळणं हाच न्याय. आणि १ योहान २:१-२ लगेच पुढे कैवारी आणि प्रायश्चित्त आणतो, म्हणजे न्याय वाऱ्यावर सोडलेला नाही.

शब्द पाळणं किती गंभीर, याचा नमुना यहोशवा ९. गिबोनी लोक फाटके बुधले, बुरशी आलेली भाकर दाखवून फसवून करार करून घेतात. तीन दिवसांत लबाडी उघडी पडते. तरी शपथ मोडत नाहीत. पुढे शौलाने मोडली तर तीन वर्षं दुष्काळ (२ शमुवेल २१). फसवून मिळवलेला करारही जिथे बांधून ठेवतो, तिथे देवाने स्वतःच्या नावाने वाहिलेली शपथ (इब्री ६:१३-१८) काय असेल. २ शमुवेल २१ चा पुढचा भाग मात्र भयंकर आहे. तो वाचायचा तर पूर्ण वाचायची तयारी ठेवा.

अवांतर: '२ तीमथ्य २:१३, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो' हे एकटं वापरू नका. आधीच्या ओळीत 'आपण त्याला नाकारलं तर तोही नाकारील' आहे. विश्वासूपणा म्हणजे सगळ्याला हो म्हणणं नव्हे.


सांजप्रार्थना

कॅथलिक बाजूने दोन गोष्टी जोडते.

एक, येशूने शेवटच्या भोजनात प्याल्यावर उच्चारलेले शब्द चार ठिकाणी सारखे नाहीत. मार्क आणि मत्तय: 'माझं कराराचं रक्त'. हा निर्गम २४:८ चा प्रतिध्वनी. लूक आणि १ करिंथकर ११: 'माझ्या रक्तात नवा करार'. हा यिर्मया ३१. 'पापांच्या क्षमेसाठी' फक्त मत्तयात. आणि निर्गम २४ मधलं रक्त क्षमेसाठी नव्हतंच, नातं बांधण्यासाठी होतं. बांधणारं रक्त आणि शुद्ध करणारं रक्त एकाच प्याल्यात येतं. तुम्ही प्रभुभोजन म्हणा, आम्ही ख्रिस्तयाग म्हणतो, हे चार उतारे समोरासमोर ठेवून वाचण्यात भांडण नाही.

दोन, 'नवा करार आला म्हणजे देवाने इस्राएलला टाकलं' असं शिकवलं जातं. मग पौलाचा रोमकर ९ ते ११ कशासाठी? ११:२९ म्हणतो, देवाची दानं आणि पाचारण माघारी घेतली जात नाहीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये याच अध्यायाचा आधार घेतला, आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८० मध्ये जर्मनीत माइन्झ इथे यहुदी समाजापुढे बोलताना 'देवाने कधीही रद्द न केलेला जुना करार' असे शब्द वापरले. जो देव इस्राएलला दिलेला शब्द मोडतो, तो तुमच्याशी पाळेल याची हमी काय?


कोनशिला

इब्री ८:१३ मध्ये पहिल्याला 'जुना' ठरवलंय, जे जीर्ण होतंय ते नाहीसं होण्याच्या बेतात आहे असं म्हटलंय, हेही ठेवा. माझ्या मते इब्री याजकपद, मंडप, अर्पण यांबद्दल बोलतो आणि रोमकर ११ लोकांबद्दल. प्रोटेस्टंटांमध्येही यावर एकमत नाही. एका बैठकीत हा वाद मिटणार नाही. दोन्ही वचनं फळ्यावर शेजारी लिहून सोडा.


दगडी पाटी

इब्रीकरांस पत्राची तयारी करताना तीन ठिकाणी अडखळायला होते, म्हणून नोंदवितो.

९:१५-१७ मध्ये अचानक मृत्युपत्राचा दाखला येतो. ग्रीक 'दियाथेके' या एकाच शब्दाचे करार व मृत्युपत्र असे दोन्ही अर्थ आहेत. सप्ततीच्या भाषांतरकारांनी बेरीथसाठी बरोबरीच्या दोन पक्षांचा 'सिंथेके' हा शब्द टाळून हा घेतला, कारण यात एकच पक्ष ठरवितो.

८:८-१२ हे नव्या करारातील सर्वांत लांब उद्धृत वचन. मूळ यिर्मया ३१:३१-३४. त्यात ३१:३२ च्या शेवटी हिब्रूत 'मी त्यांचा पती असताही' असे आहे, तर इब्री ८:९ मध्ये सप्ततीप्रमाणे 'मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले'. दोन्ही पाने उघडी ठेवून वाचणारा कोणीतरी हे विचारणारच. छपाईची चूक नाही, भाषांतराची परंपरा वेगळी आहे.

१०:११-१२ मध्ये याजक रोज 'उभा' राहतो आणि ख्रिस्त 'बसला'. निवासमंडपाच्या सामानात मेज आहे, दीपवृक्ष आहे, याजकाला बसायला आसन नाही. आणि ७:२२ मध्ये येशूला कराराचा 'जामीन' म्हटले आहे. मराठीत याला स्पष्टीकरण लागत नाही. ऋणको चुकला तर कोणाच्या दारात जातात ते सर्वांना ठाऊक आहे.


वाचनवर्ग

सर्वांचे आभार. मांडणी आता अशी धरतोय, बदल सुचवा.

बैठक १: उत्पत्ती १५, यिर्मया ३४, निर्गम २४. कापणं, चालणं, रक्त कुठे शिंपडलं.
बैठक २: निर्गम ३२ ते ३४, मग लेवीय १६ नुसते टप्पे. कागदावर मंडपाचा आराखडा, रक्त कुठून कुठे गेलं ते बाणांनी.
बैठक ३: 'प्रायश्चित्त' हा शब्द, लेवीय ५ चं सपीठ, लेवीय ६ चा पाचवा हिस्सा, रोमकर ३, गलतीकर ३.
बैठक ४: यिर्मया ३१, चार प्याले, इब्री ८ ते १०, रोमकर ११.


धुपाटणे

बैठक २ दोन भागांत करा. वासरू आणि लेवीय १६ एका तासात मावणार नाही, आराखडा काढायलाच वीस मिनिटं जातात. आणि बाण आतून बाहेर काढा. लोक हटकून बाहेरून आत काढतात.


तिसरी ओळ

क्रमांकांकडेही लक्ष द्या. मराठी बायबलमधलं लेवीय ६:१-७ हिब्रू प्रतीत ५:२०-२६ असतं. आणि यिर्मया ३१ सप्ततीत शोधायला गेलात तर तो अध्याय ३८ आहे. कोणी दुसरी प्रत घेऊन आलं तर 'वचन सापडत नाही' यात दहा मिनिटं जातील.


शंकेखोर

बैठक ३ ला बाहेरच्या माणसाला बसू देतात का?


वाचनवर्ग

सपिठाबद्दल तुम्हीच विचारायला लावलंत, या की. लेवीय ५ आणि ६ आधी वाचून या मात्र.